लांबूनच नमस्कार

—त्या खुर्चीवर नको, हवालदार, तिचा पाय डुगडुगतो. इकडे या बाकावर बसा, आणि दोर जरा आखूड धरा, कारण आज याचं लक्षण मला ठीक दिसत नाही. कान कसे मागे टाकलेत पाहा. तुम्ही म्हणाला होतात तीन आठवडे. आज तीन आठवडे पूर्ण झाले, रविवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं — माझं घड्याळ दोन मिनिटं पुढं असतं, मुद्दाम ठेवलेलं आहे, शाळेत असल्यापासूनची सवय — आणि दहा वाजता पाहुणे येणार. म्हणजे आपल्या हाती पन्नास मिनिटं आहेत. शाळेचा तास चाळीस मिनिटांचा असतो, आणि एका तासात मी अपूर्णांकांचा भागाकार शिकवलेला आहे, तोही मागच्या बाकांवरच्यांना. तेव्हा होईल. का नाही होणार? तुम्ही अठरा वर्षं फौजेतल्या कुत्र्यांना वळण लावलंत, आता उद्यमबागेतल्या त्या फाउंड्रीची दोन अजस्र जनावरं तुमच्या नुसत्या खाकरण्यावर उठतात-बसतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. हा तर आमचा साधा गल्लीतला गावठी.

काय म्हणालात? — पुन्हा पहिल्यापासून सांगू? अहो, मी सगळं पहिल्याच दिवशी क्रमवार सांगितलं होतं. — बरं, बरं. कुठंतरी काहीतरी निसटलंय असं तुम्हाला वाटतंय. निसटलेलं नाही, पण उजळणीनं कुणाचं नुकसान होत नाही, हे मीच तर आयुष्यभर सांगत आले. ऐका तर. मी मूळची निपाणीची, तंबाखूच्या गावची, आणि याचा रंग अगदी आमच्याकडच्या चांगल्या, नाकात गेल्यावर तीन शिंका आणणाऱ्या तपकिरीचा, म्हणून याचं नाव तपकिऱ्या. स्वयंपाकाला आणि केरवाऱ्याला येतात त्या अंबूबाई त्याला नुसतं ‘तपक्या’ म्हणतात; नाव पूर्ण घ्यावं, असं सांगून मी थकले. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले, त्या दिवशी शाळेच्या फाटकापासून तो माझ्या मागं मागं इथं शहापुरात आला — पुढं हार, नारळ आणि शाल घेऊन मी, मागं हा. त्याआधी चार-पाच वर्षं तो शाळेच्या मैदानावरच असायचा. स्वभावानं म्हणाल तर सज्जन. पोस्टमन येतो, दूधवाला येतो, समोरच्या विणकरांची पोरं याच्या पाठीवर बसतात. चकार शब्द नाही. मग खोड कोणती? एकच. कुणी माझ्या पाया पडायला वाकलं, की यानं झडप घातलीच.

हसू नका. शामू नावाचा माझा विद्यार्थी, आता विम्याचा एजंट, मध्यभागी चांगला रुंद झालेला — तो पेढे घेऊन आला. तसा तो पुरता वाकू शकत नाही, जेमतेम माझ्या गुडघ्यापर्यंत पोचतो, पण तेवढ्यात यानं मागून पँट धरली. शिवण उसवली ती थेट कमरेपर्यंत. बिचारा माझं जुनं पातळ गुंडाळून घरी गेला, आणि जाताना म्हणतो कसा, “बाई, स्वतःचाबी विमा उतरवलाय म्हणून बरं.” मग समोरच्या रुक्माबाईंची नवी सून. लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला आली, अंगावर नवंकोरं शहापुरी लुगडं, सासऱ्यांनी स्वतः मागावर विणलेलं — पदर याच्या तोंडात! रुक्माबाई म्हणाल्या, “बाई, ह्ये विणायला आमच्या घरात म्हैना लागला, आनि तुमच्या कुत्र्याला उसवायला घडीभर बी न्हाय लागली.” त्यानंतर शाळा समितीचे एक माजी अध्यक्ष. त्यांच्या धोतराविषयी मी अधिक सांगणार नाही. मी पाठ फिरवून उभी राहिले, एवढंच. — चोर? चोराचं म्हणाल, तर तो ताठ चालत आला असता तर यानं त्याला बसायला जागा करून दिली असती.

उपाय सगळे केले. जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी याच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, जंत. पावडर दिली. जंत गेले, झडप राहिली. अंबूबाई म्हणाल्या, नजर लागलीय, मिरच्या ओवाळते. मी म्हटलं, या घरात ते चालणार नाही, भिंतीवर कुणाचा फोटो आहे तो आधी बघा. त्यांनी फोटोला हात जोडले आणि माझ्या पाठीमागं मिरच्या ओवाळल्याच. मला ठसका लागला म्हणून कळलं. शेवटी शामूनंच तुमचं नाव सुचवलं, आणि तुम्ही आलात. तुमची पद्धत मला आवडली, हे मी तोंडावर सांगते. आलात, बसलात, तासभर एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, माणूस मुका आहे की काय. मग उठलात आणि बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकलात — काय तो गोंधळ! — आणि मनगट चोळत तुम्ही एकच वाक्य बोललात, “बाई, ह्यो रागीट न्हाय, ह्यो दगडाला भितोय.” तेहतीस वर्षं मी मुलांना वाचलं, हवालदार, आणि माझ्याच दारातलं हे मला वाचता आलं नाही. खरंच की! मैदानावर राहिलेलं कुत्रं. त्याच्यासमोर माणूस वाकला तो कशासाठी? दगड उचलायला. याला काय ठाऊक, की माणसं दुसऱ्याही कारणानं वाकतात? शामू नमस्काराला वाकतो, हा समजतो आता बाईंना दगड बसणार. म्हणजे इतके दिवस हा माझं रक्षण करत होता, आणि मी त्याला जंतांची पावडर देत होते.

मग तुम्ही अभ्यास नेमून दिलात. सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा, याच्या विश्वासातल्या माणसानं याच्यासमोर वाकायचं, हात जमिनीला टेकवायचा, आणि हात वर येईल तो भाकरीचा तुकडा घेऊन. वाकणं म्हणजे दगड नाही, वाकणं म्हणजे भाकरी. किती साधी पद्धत! शिक्षणशास्त्राच्या जाड पुस्तकांत मला इतकं स्वच्छ कुठं सापडलं नाही. दर रविवारी तुम्ही येऊन गेलात, दर रविवारी मी अभ्यास झाल्याचं सांगितलं, आणि — हो, आजसुद्धा झालेला आहे. सकाळचे वीस तुकडे. मोजून.

घेऊ या परीक्षा? अंबूबाई! अंबूबाई, पोहे राहू द्या, जरा बाहेर या, भाकरी घेऊन. — हं, वाका. — पाहा, पाहा हवालदार! शेपूट पाहा! गुरगुर नाही, काही नाही, वाकल्याबरोबर लाळ गाळत पुढं. उत्तीर्ण. पहिल्या वर्गात उत्तीर्ण. — आता काय? मी? मी कशाला वाकू? त्यांनी वाकून दाखवलं की. — माझा गुडघा, हवालदार, उजवा, थंडीच्या दिवसांत जरा — हो, मागच्या रविवारी तुम्ही मला शिडीवर चढून माळ्यावरचा डबा काढताना पाहिलंत, ते खरं. पण चढणं वेगळं आणि वाकणं वेगळं, सांध्यांच्या दृष्टीनं.

असं बघू नका माझ्याकडे. तुमची ती बघण्याची रीत कुत्र्यांसाठी ठीक आहे.

काय विचारलंत? “केर काढनारणीला ह्यो कधी चावलाय का?” — नाही. कधीच नाही. अंबूबाई दिवसभर वाकलेल्याच असतात, केर काढतात, फरशी पुसतात, त्यांना हा पहिल्यापासून — अंबूबाई, तुम्ही मध्ये बोलू नका. — “मी सांगितलेलं की ओ बाई, तुमीच करा म्हणून.” सांगितलं होतंत, मान्य. जा तुम्ही आत.

बरं. ऐका, हवालदार. मी एकदाही वाकले नाही. तीन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, सगळा अभ्यास अंबूबाईंनी केला, मी खुर्चीवर बसून मोजत होते. म्हणजे ज्याची याला भीती नव्हतीच, तेच याला तीन आठवडे शिकवलं. पाठ असलेला धडा पाठ करून घेतला. दुसऱ्याच्या वहीतून उतरवून आणणाऱ्या मुलांना मी काय करत असे, ते विचारू नका. आज कुणी मला बाकावर उभं केलं, तर मी तक्रार करणार नाही. आता म्हणाल, का? वीस वेळा वाकायचं, त्यात काय मोठं? तुम्ही फौजेतले, तुम्ही कसरत म्हणून वाकता. — माझी आई, तानीबाई, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वखारीत काम म्हणजे वाकणं. गोणी वाकून, चाळण वाकून, झाडलोट वाकून. आणि संध्याकाळी घरी येताना रस्त्यात कुणी मोठ्या घरातलं समोरून आलं, की बाजूला होऊन पुन्हा वाकायचं, जोहार म्हणायचं. मी तिचं तोंड पाहण्याआधी तिची पाठ पाहिलेली आहे. मी ट्रेनिंग पास झाले तेव्हा ती मला म्हणाली, “शेवंते, आता कुणाम्होरं वाकायचं न्हाय बघ. तुझ्या वाटणीचं बी माझंच वाकून झालंय.” आणि मी नाही वाकले. इन्स्पेक्टर आले, नाही वाकले. मामलेदार आले, उभं राहून नमस्कार. नागपूरला दीक्षेच्या वेळी वाकले, ती जागाच तशी होती. त्यानंतर आता काय, तपकिऱ्यापुढं? रोज चाळीस वेळा? तो गुणी आहे, माझा आहे, सगळं कबूल. पण तो कुत्रा आहे, हवालदार!

हं, हा प्रश्न तुम्ही कधीतरी विचारणार, हे मला ठाऊक होतं. एका रविवारचाच प्रश्न आहे, तर तासभर मागच्या खोलीत कोंडून का नाही ठेवत? सगळेच विचारतात. कोंडला की असा गळा काढतो, की जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, घरात कुणी गेलंय. एकदा रुक्माबाईंच्या घरी नेऊन ठेवला. तिथं सुनेचे सासरे मागावरच्या ताण्याला वाकले तुटलेलं सूत सांधायला — पुढचं सांगायला नको — अर्ध्या तासात हा माझ्या दारात हजर, गळ्यात जरीचे धागे, लग्नाच्या नवरदेवासारखा. तेव्हा कोंडणं नाही आणि पाठवणं नाही. — नाही, हेच काही खरं कारण नाही. तुम्ही गप्प बसता ना, त्यामुळं माणूस बोलत सुटतो. ही तुमची वाईट सवय आहे.

खरं कारण असं, की हा झडप घालायला लागल्यापासून लोक फाटकातूनच हात जोडतात. “बाई, लांबूनच नमस्कार हं! कुत्रं हाय!” हसतात, मीही हसते. गेल्या गुरुपौर्णिमेला सात जण आले, सातही जण फाटकाबाहेरून. आता सांगा, त्यातले किती जण कुत्र्याला भिऊन बाहेर थांबले? सहा? पाच? शामूचं मी समजू शकते, त्याची पँट गेलेली आहे. पण ज्यांची पँट कधी गेली नाही, ज्यांनी याचा दातसुद्धा पाहिला नाही, तेही लांबूनच. आणि मला, हवालदार, लांबूनच्या नमस्काराची पारख लहानपणापासून आहे; तो कसा करतात, हात कुठपर्यंत येतात, पाऊल कुठं थांबतं. फक्त पूर्वी त्याला कुत्र्याचं निमित्त लागत नसे. आता निमित्त आहे, म्हणून मला कळत नाही. कोण याला भितं आणि कोण — कळत नाही. म्हातारपणी माणसानं असा संशय घेत बसणं बरं नव्हे, मी मनाला बजावते. पण हा तपकिऱ्या शहाणा झाला, उघड्या फाटकात शांत बसून राहिला, की निमित्त संपेल. मग जे आहे ते आहे. मला तेवढंच हवंय. नमस्काराची हौस नाही मला, ते लक्षात घ्या.

आज कोण येतंय? सांगते, आता लपवण्यासारखं काय उरलंय? त्रेपन्न साली माझी पहिली नेमणूक खानापूरच्या अलीकडं एका खेड्यात झाली. वय बावीस. चौथीचा वर्ग, त्यात मष्णू नावाचा मुलगा, घरची शेती, डोकं तल्लख, अक्षर मात्र कोंबडीनं उकिरडा विसकटावा तसं. ते मी सुधारलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुलं एकामागून एक पाया पडत होती. हेडमास्तरांच्या, मग माझ्या. मष्णूची आई जयाबाई त्याला न्यायला आली होती, दारात उभी होती. मष्णू माझ्यापर्यंत आला, वाकायला लागला, आणि तिनं मागून त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली. “लांबनंच कर रं,” म्हणाली. मोठ्यानं नाही, रागानं नाही. उन्हात जाऊ नको म्हणावं, तशी. पोर बावरलं. मागं सरकून तिथूनच हात जोडले. — नाही, त्या बाईचा मला राग नाही. तिला जे शिकवलं होतं, ते तिनं केलं. राग कुणाचा आहे सांगू? मी काय म्हणाले माहीत आहे? सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता, आणि मी, शिक्षिका, हसून म्हणाले, “राहू दे, चालतं.”

चालतं! नाही चालत, हवालदार. पस्तीस वर्षं झाली. कितीतरी वर्गांना मी चूक ती चूक म्हणायला शिकवलं, आणि तो एक शब्द मला अजून पुसता आलेला नाही.

तो मष्णू आता पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे, बदली होऊन बेळगावला आलाय. मागच्या महिन्यात त्याचं आंतर्देशीय आलं. अक्षर उत्तम, एकही खाडाखोड नाही. लिहितो, आई सत्तरीला आली, माझ्याजवळच असते. रोज म्हणते, बाईंच्या पाया पडायचं राहिलंय, मला घेऊन चल. ‘राहिलंय’ म्हणते. म्हणजे तिच्याही लक्षात आहे! ते पत्र वाचून मी तासभर — ते असू द्या. दुसऱ्याच दिवशी मी उद्यमबागेत तुमच्याकडे आले. आता ती फाटकात आली, आणि हा उठून गुरगुरला, आणि ती म्हणाली, “बाई, लांबनंच करते ओ” — तर मी काय समजायचं? कुत्रं की कॉलर? ते मला मरेपर्यंत कळणार नाही. म्हणून घाई. आता कळलं?

किती वाजले? नऊ चाळीस. वीस मिनिटं.

द्या इकडे ती भाकरी. द्या हो. — तुम्ही तिकडे तोंड करा. — नको, इकडेच बघा, माझं चुकलं तर कोण सांगणार? पदर खोचते आधी. चष्मा धरा. हं. तपकिऱ्या, इकडे बघ. मी आता वाकणार आहे. हे तुझ्यासाठी आहे, आणि याची वाच्यता गल्लीत होता कामा नये. — गुरगुरतोय. हवालदार, हा माझ्यावर गुरगुरतोय! माझ्यावर! — थांबू नको? बरं. थांबत नाही. हात टेकला, हा बघ, दगड नाही, रिकामा आहे, जमीन आहे नुसती, लाल कोब्याची, — ये. अरे ये. — घेतला! घेतला हो! किती हळू घेतला, ओठांनीच! — पुन्हा? घ्या पुन्हा. — दोन. — आता गुरगुर कमी. तीन. — अंबूबाई! पलंगाखाली केर आहे! इथून, दारातून, सगळं दिसतंय! इतके दिवस मला वाटत होतं, तुम्ही रोज काढता! — चार. — हवालदार, खरं सांगू, वाटलं होतं तितकं काही हे कठीण नाही. आई असती तर म्हणाली असती, भाकरी द्यायला वाकली व्हय, मग ते वाकणं न्हाय. — पाच. — हा हसतोय बघा. कुत्री हसतात का हो? तुमच्या फौजेत हसत होती? — सहा...

—बारा. आता तुम्ही. तुम्ही वाका, माझ्यासमोर, परका माणूस म्हणून. तो तुम्हाला ओळखतो ते खरं, पण पहिल्या दिवशी तुमचं मनगट त्यानं तासाभराच्या ओळखीनंच धरलं होतं. भाकरी हातात असू द्या. — हळू. — उठला. कान वर. — आला, हुंगतोय, — तुकडा घेतला. हवालदार, तुकडा घेतला आणि बसला! शाब्बास! — तुम्हाला म्हणाले. त्यालाही. — पण तुम्ही पायापर्यंत कशाला आलात हो? नुसतं वाकायला सांगितलं होतं. खरंच पाया पडलात की काय? उठा, उठा. कुत्रा शिकवायला आलेल्या माणसानं — बरं, सुखी राहा.

रिक्षा थांबली का? — थांबलीच. दहाला सात कमी. माझ्याच विद्यार्थ्याची आई, वेळेआधी येणारच. चष्मा द्या. पदर ठीक आहे? हाताला भाकरी लागलीय? — तो बघा मष्णू, केस पार गेले की याचे! आणि त्या — वाळल्यात हो. किती उंच वाटायच्या मला तेव्हा दारात. — तपकिऱ्या, बस. बस म्हणते ना. — फाटकापाशी थांबल्या. याच्याकडे बघतायत.

“कुत्रं हाय व्हय ओ, बाई?”

झालं. हवालदार, झालं. ऐकलंत ना? — आहे, जयाबाई! पण काही करत नाही! — करत नाही ना हो, हवालदार? नक्की? — मग दोर सोडा. हो, सोडा. हातातून सोडा म्हणते. मला बांधलेल्या कुत्र्यापुढचा नमस्कार नको. — जयाबाई, यायचं तर या, नाही तर... तिथंच... — आल्या. फाटक ढकललं. मष्णू त्यांचा दंड धरतोय आणि त्या झटकून टाकतायत. चपला काढल्या. अहो, चपला राहू द्या, अंगण गार आहे! — कुत्र्याकडे बघतसुद्धा नाहीत हो. — आता वाकतायत. — तपकिऱ्या उठला. हवालदार, उठला तो, — नाही, धरू नका. धरू नका. — गेला त्यांच्यापाशी. हात हुंगतोय. त्यांच्या हातात भाकरी नाही रे, वेड्या, त्यांना कुणी सांगितलेलं नाही — चाटतोय. त्यांचा हात चाटतोय, आणि त्या म्हणतायत, “हो बाजूला, बाळा, आदी तुझ्या बाईंचं हू दे.”

—धरलेत, हवालदार. दोन्ही हातांनी धरलेत पाय. कपाळ टेकवलं. गार आहे कपाळ.

राहू द्या, जयाबाई. पुरे. पुरे हो. — तसं म्हणायचं असतं, हवालदार, रीत आहे. तुम्ही लगेच उठवायला धावू नका त्यांना. — गुडघा अडकला का? थांबा, तुम्ही नको. मष्णू, तूही नको. मी उठवते. माझ्या खांद्यावर हात ठेवा, जयाबाई. ठेवा, पुरता भार द्या.

आणि हवालदार, तुम्ही असे उभे काय? आत जा. अंबूबाईंनी पोहे केलेत, गरम आहेत तोवर खा. तपकिऱ्यालाही घेऊन जा. दार लोटून घ्या. जा म्हणते ना.